गुरुवारचं बजेट

आमच्या घरात राजकारण बायकोकडे होतं. माझ्याकडे कचऱ्याचे डबे बाहेर ठेवणं, बॉयलरवाल्याला फोन करणं आणि गवत कापणं. मी सातवीपर्यंत शिकलो, तेही सातारा जिल्ह्यातल्या अशा शाळेत जिथे मास्तर आठवड्यातून तीन दिवस उगवायचे. इथे इंग्लंडात आलो, वॉटफर्डजवळ ब्रेडच्या कारखान्यात भट्टीवर लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. पेपर मी मागच्या पानावरून वाचतो आणि खेळाच्या बातम्या संपल्या की ठेवून देतो. ती पुढून वाचायची.

ती शाळेत मुलांना जेवण वाढायचं काम करायची. मॅट्रिक झालेली होती आणि ते मला वर्षातून एकदा तरी ऐकवायची. इथल्या बजेटच्या दिवशी तिचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. टीव्हीसमोर मोठी परात घेऊन बसायची आणि दोन-तीन महिन्यांचा लसूण सोलायची. आधी सरकारचा माणूस उठून वाचायचा. तो खाली बसला की लगेच विरोधी पक्षाचा उठायचा आणि हे सगळं कसं वाटोळं करणारं आहे ते सांगायचा. ती दोघांनाही शिव्या द्यायची. एका दुपारी दोघांचंही ऐकून व्हायचं आणि लसूणही संपायचा. मग पिशव्या भरून फ्रीझरमध्ये. तिच्या शेवटच्या बजेटच्या लसणाची एक पिशवी अजून आत आहे. वास उडालाय त्याचा. टाकवत नाही.

आम्हाला एकच मुलगी. इथेच जन्मली, इथेच शिकली, आणि लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑस्ट्रेलियात ॲडलेडला गेली. तिथे ती एका केअर होममध्ये काम करते. म्हातारी माणसं सांभाळायची, त्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं. आता तिच्या हाताखाली बाकीच्या मुली आहेत, पण स्वतःही करते.

ती गेली आणि बायकोनं ऑस्ट्रेलियाचं राजकारण शिकायला घेतलं. टॅब घेतला, त्यावर त्यांच्या पार्लमेंटचे व्हिडिओ बघायला लागली. तिथली नावं तिच्या लक्षात राहायची नाहीत, शिवाय ते लोक पंतप्रधान पटापट बदलायचे, म्हणून तिनं नावांचा नाद सोडला आणि टायचे रंग धरले. सरकारवाले लालटाय, विरोधातले निळेटाय. मधे सरकार बदललं तेव्हा तिचा एक महिनाभर गोंधळ झाला होता, पण सावरली.

दर रविवारी सकाळी साडेनऊला मुलीचा फोन. तिकडे संध्याकाळ असायची. मुलगी लालटायवाली. मग बायको निळ्या टायवाली. मुलगी म्हणाली सरकारनं हे बरं केलं, की ही म्हणणार, कसलं बरं, पैसा कुठून आणणार. झालं. मुलगी पेटायची. चाळीस मिनिटं, पन्नास मिनिटं. मी शेजारी बसून चहा पीत असायचो, शेवटी दोन वाक्यांपुरता फोन माझ्याकडे यायचा.

एकदा फोन ठेवल्यावर मी बायकोला म्हटलं, तुला खरंच त्यांच्या बजेटचं एवढं पडलंय का?

"मला काय करायचंय त्यांच्या बजेटचं?" ती म्हणाली. "पोरगी पन्नास मिनिटं बोलली की नाही? नुसतं जेवलीस का, जेवलीस का विचारून माणूस किती बोलणार, अहो?"

मी त्याला नाटक म्हणायचो. तोंडावर म्हणायचो. ती हसायची.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती गेली. छातीत कफ झाला, हॉस्पिटलात नेली, तीन दिवसांत संपलं. मुलगी मिळेल त्या विमानानं निघाली पण एक दिवस उशिरा पोचली. त्यात तिचा काही दोष नव्हता, एवढं लांबून दुसरं काय होणार. हे मला आज कळतंय. तेव्हा मला फक्त रिकामी खुर्ची दिसत होती.

मुलगी परत जायच्या आदल्या दिवशी किचनमध्ये कप विसळत होती. तिच्या कामावरून फोन आला. तिथले कुणी आजोबा जेवत नव्हते, हटून बसले होते. मुलगी फोनवरून त्यांच्याशी बोलायला लागली. इतकं हळू, इतकं गोड, डार्लिंग वगैरे म्हणत. मी दारात उभा होतो. तिनं फोन ठेवला आणि मी म्हणालो, "दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना भरवायला बरा वेळ मिळतो तुला. स्वतःच्या आईला घोटभर पाणी पाजायला नव्हतीस."

तिनं हातातला कप पुसला, हुकाला अडकवला, हात कोरडे केले आणि वर गेली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर मला वाकून नमस्कार केला आणि गेली.

फोन बंद नाही केला तिनं. दर रविवारी साडेनऊला यायचाच. पण दोन मिनिटांचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, हीटिंग चालू आहे ना. मी म्हणायचो, हो. तू जेवलीस का? ती म्हणायची, हो. मग ती म्हणायची, बरं बाबा, ठेवते. पंधरा महिने असंच चाललं. मला वाटायला लागलं, दोन मिनिटांचं हळूहळू एक मिनिट होईल, मग रविवारआड येईल, आणि मग एखाद्या दिवशी फोन येणार नाही आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि मी जे बोललो होतो ते तसंच त्या किचनमध्ये राहील.

चुकलो म्हणायचं तर ते कधी म्हणायचं? गोळ्या घेतल्या आणि हीटिंग चालू आहे, याच्या मधे कुठे बसवणार?

या मे महिन्यात एका रविवारी फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, या वीकला बजेट आहे इकडे, कामावर सगळे टेन्शनमध्ये आहेत. मी म्हटलं, बरं. तिनं फोन ठेवला. मी तिथेच बसून राहिलो. बायकोच्या हातात हेच वाक्य आलं असतं तर तिनं त्याचा तासभर केला असता. मी त्याचं 'बरं' केलं.

तेव्हा ठरवलं की ऐकायचं. पुढच्या रविवारी भांडायचं, हिच्यासारखं.

मंगळवारी माझी रक्ताची तपासणी होती, बुधवारी नुसताच थकलो. गुरुवारी सकाळी बायकोचा टॅब काढला, चार्ज केला आणि टेबलावर चहाच्या डब्याला टेकवून ठेवला. त्या टॅबला ती गेल्याचं कुणी सांगितलेलं नाही. उघडल्या उघडल्या त्यानं मला सुरमईचं कालवण दाखवलं, गुडघ्याचे व्यायाम दाखवले आणि ऑस्ट्रेलियाचं पार्लमेंट दाखवलं. साडेदहाला लाइव्ह. मोठ्या अक्षरात बजेट असं इंग्रजीत लिहिलं होतं. पुढे आणखी एक शब्द होता. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, आणि बजेट एवढं वाचल्यावर पुढचं वाचायची गरज वाटली नाही.

एक माणूस उभा राहिला. बाकी सगळे गप्प, म्हणजे हाच. मागे बसलेले लोक माना डोलवत होते. पंचाईत एकच झाली. त्याचा टाय जांभळा होता. लाल नाही, निळा नाही. बायकोच्या हिशेबात जांभळा बसत नव्हता. पण म्हटलं, बजेट वाचतोय म्हणजे सरकारचाच असणार, दुसऱ्या कुणाला कोण एवढा वेळ बोलू देईल. इथे तरी मी कधी पाहिलं नव्हतं.

अर्धा तास बोलला. माझ्या कारखान्यात सगळ्या देशांचे लोक होते, त्यामुळे मला कसलंही इंग्रजी कानानं समजतं. वीजबिल कमी करू म्हणाला. पहिलं घर घेणाऱ्या तरुणांना सवलत देऊ म्हणाला. सरकारी नोकर फार झालेत, ते कमी करू म्हणाला. मी एका पाकिटाच्या पाठीमागे तीन शब्द लिहिले. वीज, घर, नोकर. मुलगी सरकारच्या बाजूची, म्हणजे मला या तिन्हींच्या विरोधात बोलायचं होतं. कठीण नव्हतं. मला त्यातलं एकही पटलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी म्हाताऱ्यांच्या लंच क्लबला उशिरा पोचलो. तिथे माझा एक मित्र असतो, रिटायर्ड बसड्रायव्हर, एजवेअरहून येतो. कुठे होतास विचारलं. मी सांगितलं, ऑस्ट्रेलियाचं बजेट ऐकत होतो.

त्यानं चमचा खाली ठेवला. "इथं क्लबनं दोन महिन्यांपूर्वी पापड बंद केला, त्यावर तू तोंड उघडलं नाहीस," तो म्हणाला. "आणि ऑस्ट्रेलियाच्या विजेवर तुला मत आहे?"

"आहे."

"मग निवडणुकीला उभा राहा तिकडे. मी प्रचाराला येतो. विमानाचं तिकीट तू काढ."

तो नंतर गंभीर झाला. मुलीचं आणि माझं काय झालं ते त्याला माहीत होतं, त्याला मीच सांगितलं होतं. सरळ सॉरी म्हण ना म्हाताऱ्या, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तू म्हणालास का कधी तुझ्या पोराला? त्यावर तो डाळ खायला लागला.

रविवारी मी नऊ वाजल्यापासून तयार होतो. पाकीट समोर, चहा पिऊन झालेला. साडेनऊला फोन आला. जेवलात का? मी म्हटलं, सकाळ आहे, चहा झालाय. गोळ्या? घेतल्या. हीटिंग? मे महिना आहे. इथे नेहमीचं संपत आलं होतं. म्हणून मी घाईघाईनं म्हणालो, "तुमच्या सरकारचं बजेट ऐकलं मी."

"काय ऐकलं?"

"बजेट. अर्धा तास. मला नाही पटलं."

"काय नाही पटलं, बाबा?"

आवाजात सावधपणा होता. मी पाकिटावरचा पहिला शब्द बघितला. म्हटलं, वीजबिल कमी करू म्हणतात पण कसं करणार ते सांगत नाहीत, लोकांना येडे समजतात का. बायको हे वाक्य कसं टाकायची ते आठवून मी शेवटी जरा आवाज चढवला.

"एक्झॅक्टली," मुलगी म्हणाली. "मी पण तेच बोलते सगळ्यांना."

मी थांबलो. हे बरोबर नव्हतं. बायको बोलली की ती म्हणायची, आई, तुला काही माहीत नाही. मी दुसऱ्या शब्दाला गेलो. घर घेणाऱ्याला सवलत दिली की विकणारा तेवढीच किंमत वाढवणार, मग सवलत गेली कुणाच्या खिशात?

"हंड्रेड परसेंट, बाबा."

तिसरा शब्द. म्हटलं, सरकारी माणसं कमी केल्यावर फोन कोण उचलणार, इथे आत्ताच डॉक्टरच्या अपॉइंटमेंटसाठी पाऊण तास ते गाणं ऐकावं लागतं.

"यू आर सो राइट. तुम्ही एवढं नीट ऐकलं?"

पाकीट संपलं. ती माझ्याशी भांडतच नव्हती. मला वाटलं, ही मला परकं समजते आता. परक्या म्हाताऱ्याला जसं हो हो म्हणतात, कामावर म्हणत असेल तसं मला म्हणतेय. मला ते फार लागलं. आणि लागलं की माझा आवाज जाड होतो.

"एवढं सगळं पटतंय तर मग असल्या माणसाला मत कशाला दिलंस?"

"कोणाला?"

"त्या जांभळ्या टायला."

मला वाटलं फोन कट झाला. मग तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही ते कोणत्या दिवशी ऐकलं?"

"गुरुवारी."

"गुरुवारी बजेट नसतं. मंगळवारी असतं. गुरुवारी ऑपोझिशनचा लीडर रिप्लाय देतो." ती प्रत्येक शब्द सुटा करून बोलत होती, हसू दाबत असल्यासारखी. "तुम्ही अर्धा तास त्याचं ऐकलं. मी त्याला कधीच मत देणार नाही."

मी म्हटलं, इथे तर तो लगेच उठतो, त्याच दुपारी. ती म्हणाली, इकडे दोन दिवस देतात त्याला, तयारी करून येतो, पूर्ण वेळ त्याचा. मी म्हटलं, दोन दिवस तयारी करून एवढंच बोलला?

त्यावर ती फुटली. इतकी हसली की नवरा दुसऱ्या खोलीतून बघायला आला. तिनं त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं, जांभळ्या टायसकट, आणि तोही हसला. मी फोन कानाला लावून बसलो होतो. माझी दोघं मिळून टिंगल करत होती आणि मला ते संपू नये असं वाटत होतं.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, मग मंगळवारी काय होतं?

ती म्हणाली की मंगळवारी त्यांच्या कामाचंच होतं बरंचसं. केअर होममध्ये काम करणाऱ्यांचे पगार वाढवायला सरकारनं पैसे ठेवलेत. काही लोक म्हणतात की देशावर कर्ज वाढतंय आणि हे परवडणार नाही. टीव्हीवर रोज तेच चाललंय. कामावरच्या मुली विचारतात, मिळणार की नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" तिनं विचारलं. आता हसू गेलं होतं.

बायको याच्यावर काय म्हणाली असती ते मला पाठ होतं. दर वर्षी म्हणायची. म्हातारी माणसं घरची घरी सांभाळायची असतात, त्यात सरकार कशाला. मग मुलगी चिडायची आणि वीस मिनिटं तिला समजावत बसायची. बायकोच्या तोंडी ते चालायचं. तिच्या बोलण्यात काटा असलाच तर तो तिनं एवढ्या लसणाखाली, एवढ्या थट्टेखाली ठेवलेला असायचा की टोचायचा नाही. तेच मी एकदा उघडं बोललो होतो, किचनच्या दारात उभं राहून. पुन्हा बोललो असतो तर भांडण झालं नसतं. तिनं म्हटलं असतं, बरं बाबा, ठेवते.

पाकिटावर यासाठी काही लिहिलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "द्यायला पाहिजेत. अजून द्यायला पाहिजेत." आणि मग थांबता येईना. "तुझी आई हॉस्पिटलात होती ना, तिथे एक पोरगी होती. कुठल्या देशाची काय माहीत. आईला गिळता येत नव्हतं तर चमच्यानं पाणी द्यायची. थेंब थेंब. अर्धा तास लागायचा एक कप द्यायला. मी नुसता बघत बसायचो, मला ते जमत नव्हतं. त्या पोरीचीही आई कुठेतरी असेल. तिला पाणी दुसरंच कुणी देत असेल. मी त्या पोरीला साधं थँक्यू म्हटलं नाही. आणि घरी येऊन तुला तसं बोललो. ते मी चुकीचं बोललो."

पलीकडे नळ चालू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. मुलगी लहानपणीही रडायच्या वेळी नळ सोडायची. मी वाट बघितली. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

मग तिचा आवाज आला. सूर मला चांगला ओळखीचा.

"ते सगळं ठीक आहे बाबा. पण पैसा कुठून आणणार?"

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी पाकीट बाजूला सारलं आणि खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, श्रीमंतांवर टॅक्स लावा. ती म्हणाली, ते देश सोडून जातील. मी म्हटलं, जाऊ देत, फक्त वॉटफर्डला येऊ नका म्हणावं, पार्किंग नाही. ती म्हणाली, असं कसं देश चालतो, तुम्हाला इकॉनॉमी कळत नाही. मी म्हटलं, भट्टीवर माणूस कमी केला की ब्रेड करपतो, एवढी इकॉनॉमी मला कळते. ती म्हणाली, नर्सिंगवाले पण मागतील मग, शिक्षक पण मागतील. मी म्हटलं, मागू देत, त्यांनाही द्या. स्वतःच्याच पगारवाढीच्या विरोधात ती पाऊण तास बोलली. मधे एकदा माझ्याकडे उत्तर नव्हतं तेव्हा तिनंच मला मुद्दा सुचवला आणि मग तो खोडून काढला.

साडेदहा वाजून गेले तेव्हा नवऱ्यानं तिला काहीतरी विचारलं आणि ती म्हणाली, बाबा, ठेवते आता, पण तुमचं मला अजिबात पटलेलं नाही. मी म्हटलं, मलाही नाही.

फोन ठेवून मी टॅब बंद करायला गेलो. त्यानं मंगळवारचं भाषण समोर आणून ठेवलं होतं. माणसाचा टाय लाल होता. थोडं ऐकलं. मग उठलो, फ्रीझर उघडून ती लसणाची पिशवी काढली, चार पाकळ्या हातावर घेतल्या आणि बाकीची परत ठेवून दिली. डाळीला फोडणी द्यायची होती.

तेल तापत असताना लक्षात आलं की तिकडे सात वाजून गेले असतील, दोघं नुसतीच बसली असतील माझ्यामुळे. तिला जेवलीस का ते विचारायचंच राहिलं.